अरण्याचे पंचांग

आपल्याकडे मुलीचे लग्न असो, मुलाची मुंज असो वा नव्या घराची वास्तुशांत असो, पंचांग उघडल्यावाचून पाऊल पुढे पडत नाही. पंचांगावर ज्यांचा काडीमात्र विश्वास नाही असे आमचे काही सुधारक स्नेहीही, घरातील वडील माणसांचे मन मोडू नये अशी सबब पुढे करून, अखेर मुहूर्तावरच कार्य उरकतात. परंतु हाच मनुष्य अरण्यात वाघाचे छायाचित्र घ्यावयास निघाला म्हणजे दोनच गोष्टी पाहतो : कचेरीतील शिल्लक रजा आणि मुलांच्या शाळेची सुटी. अरण्यालाही आपले स्वतंत्र पंचांग असते व ते आमच्या रजेच्या अर्जाशी जुळेलच असे नाही, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. त्या पंचांगाविषयी चार शब्द लिहावेत असे पुष्कळ दिवस आमच्या मनात होते. यंदा ते लिहिण्यास एक निकडीचे कारण घडले आहे. ते पुढे ओघाने येईलच.

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा हे आमचे नेहमीचे क्षेत्र. कोणी पंढरीची वारी चुकवीत नाही, तशी ताडोबाची वर्षातून एक फेरी आम्ही सहसा चुकवीत नाही. दोन फेऱ्या आमच्या खिशाला झेपत नाहीत. १९५५ साली हे राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ साली त्याच्या शेजारी अंधारी नदीच्या नावाचे अभयारण्य निर्माण झाले आणि पुढे दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. त्याचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटरांचा असून भोवतालचे बफर क्षेत्र धरले तर एकंदर विस्तार सतराशे चौरस किलोमीटरांहून अधिक भरतो. मध्यभागी ताडोबाचा तलाव आहे. वाघाशी झालेल्या झुंजीत मरण पावलेल्या तारू नावाच्या गावप्रमुखास आदिवासींनी देव मानले, त्याचे ठाणे या तलावाच्या काठी आहे आणि त्याच्यावरूनच रानाला हे नाव पडले, असे सांगतात. वाघ पाहण्यासाठी देशोदेशींची माणसे ज्या स्थळी येतात, त्या स्थळाचे नावच वाघाने मारलेल्या मनुष्याचे असावे, हा योगायोग आम्हांला प्रत्येक खेपेस अंतर्मुख करतो.

साग आणि बांबू यांचे हे रान. सोबतीला ऐन, धावडा, बीजा, मोह, तेंदू, पळस, जांभूळ ही मंडळी. शास्त्रज्ञ याला पानझडीचे अरण्य म्हणतात, आणि त्या एका शब्दात त्याचे सारे पंचांग आले. छायाचित्रकाराचे भवितव्य येथे दोन गोष्टींच्या हाती असते : पान आणि पाणी. पान भरलेले असले म्हणजे दहा हातांवरचा वाघ दिसत नाही. पाणी भरलेले असले म्हणजे तो कोठे येईल हे सांगता येत नाही. आषाढापासून दोन्हींची रेलचेल असते. पुढे एकेक महिन्याने एकेक गोष्ट ओसरत जाते, आणि वैशाखात दोन्ही संपत आल्यावर प्राणी उघडाही पडतो आणि त्याचा पत्ताही ठरून जातो.

हे गणित आमच्या पिढीचे नव्हे. मध्य हिंदुस्थानात वाघाच्या शिकारीस येणारे इंग्रज अधिकारी आपले तंबू भर उन्हाळ्यातच ठोकीत. कॅप्टन फॉर्सिथ याचे मध्य प्रांतातील डोंगराळ मुलखाविषयीचे पुस्तक १८७१ साली निघाले. त्या काळच्या शिकाऱ्यांना आटलेल्या नाल्यातील एखाद्या डोहाचे महत्त्व आमच्या इतकेच ठाऊक होते. पुढे एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाच्या वनाधिकाऱ्याने बंदूक बाजूला ठेवून रात्रीच्या वेळी वाघाच्या वाटेवर तार ताणली. वाघाचा पाय तारेला लागताच उजेडाचा लोळ उठे आणि वाघ आपले चित्र आपणच काढून घेई. त्याचे 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' हे पुस्तक १९२७ साली प्रसिद्ध झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा मार्ग बंद झाला. १९७३ साली व्याघ्रप्रकल्पाची योजना आली. बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली खरी, परंतु शिकाऱ्यांचे पंचांग मात्र आम्ही जसेच्या तसे वारसाहक्काने उचलले. आजही 'ताडोबास केव्हा जावे?' असे विचारताच दहांतील नऊ जण 'मे महिन्यात' असे उत्तर देतात.

ते उत्तर खोटे नाही. चंद्रपूरचा उन्हाळा हा साऱ्या देशात नावाजलेला. पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जाणे तेथे नवलाचे नाही. अशा दिवसांत वाघ पाणवठ्यावर येतो आणि पुष्कळदा तोंडाने नव्हे तर पाठमोरा, मागचे पाय आधी बुडवीत पाण्यात उतरतो व तासन् तास तेथेच बसून राहतो. सौरपंपांनी भरलेली कृत्रिम तळी आता ठिकठिकाणी आहेत. तेथे सांबर येतात, गवे येतात, अस्वल येते. चितळांच्या नरांचा माज याच दिवसांत. त्यांची शिंगे पूर्ण वाढलेली, टणक झालेली असतात आणि त्यांची आरोळी पहाटे रानभर ऐकू येते. मेअखेरीस नवरंग पक्षी वीण घालावयास दाखल होतो आणि बांबूच्या सावलीत त्याची दुहेरी शीळ सुरू होते. इतके सर्व एका महिन्यात मिळत असता दुसऱ्या महिन्याचा विचार कोण करील?

तथापि उन्हाळ्याच्या चित्राला एक उणीव असते, ती भिंगामागे बसल्यावरच कळते. कोवळा प्रकाश जेमतेम तासभर टिकतो. आठ-साडेआठ वाजले की उन्हाचा पिवळेपणा जाऊन ते पांढरे होते, जिप्सीच्या चाकांनी उडविलेली धूळ हवेत तरंगत राहते, आणि तापलेल्या जमिनीवरून जी हवा थरथरत वर चढते तिच्यातून लांबचा प्राणी लांब भिंगाने टिपला तर त्याची रेषा ठरतच नाही. हरणाला फसविणारे मृगजळ छायाचित्रकारालाही फसविते. घरी येऊन पाहावे तर मिशांचे केस असावेत तेथे नुसता धूसर पट्टा! शिवाय सारी चित्रे एकाच साच्याची : तळे आणि त्यात वाघ. वाघ काय करतो हे त्यांत दिसते, परंतु तो कोठे राहतो हे दिसत नाही.

मृगाचा पाऊस पडला की एका पंधरवड्यात सारे पालटते. मोर पिसारा फुलवून नाचू लागतात, उधई पंख लावून उडते, जळक्या जमिनीतून हिरवे अंकुर वर येतात. परंतु जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर हे तीन महिने गाभ्याचे दरवाजे प्रवाशांना बंद असतात. रस्ते चिखलाने वाहतात हे एक कारण, आणि रानाला वर्षातून काही काळ आमच्यावाचून राहता यावे हे दुसरे. आमचा स्वतःचा अभिप्राय असा की हे दुसरे कारण पहिल्याहून मोठे आहे. सागाचा पांढुरका मोहोर याच दिवसांत फुलतो. साऱ्या रानाचा राजा म्हणविणारा वृक्ष, आणि त्याचे फुलणे पाहावयास गाभ्यात प्रवासी कोणी नाही, ही कल्पना आम्हांला मोठी रमणीय वाटते.

ऑक्टोबरात दरवाजे उघडतात, तेव्हा रान नुकते न्हाऊन उठलेले असते. हवा निर्मळ, आकाश निळे, गवत माणसाच्या कमरेपर्यंत. झाडांमधल्या मोकळ्या जागी मोठ्या रानकोळ्यांनी सोनेरी झाक असलेली हातहात रुंद जाळी विणलेली असतात, आणि पहाटेच्या दवाने ती मोत्यांनी मढल्यासारखी दिसतात. वाघ येथेही असतोच. परंतु ओहोळाओहोळात पाणी असल्यामुळे त्याला कोणत्याही पाणवठ्याचे बंधन नसते. या दिवसांत चार फेऱ्या करून केवळ त्याच्या पंज्याचे ठसे पाहून परतलेले लोक आम्हांला ठाऊक आहेत, आणि ते रानाची निंदा करीत परतले हेही ठाऊक आहे. कोळ्याच्या जाळ्याकडे त्यांची दृष्टी गेली असती, तर त्यांचे पैसे वसूल झाले असते.

हेमंतात तलावावर धुके उतरते, परदेशी बदके येतात, आणि ऊन वर आल्यावर मगरी काठावर अंग शेकीत पडतात. सांबरांच्या नरांचा माज नोव्हेंबर-डिसेंबरातला. चिखलात लोळून काळाकुट्ट झालेला, शिंगांवर गवताचे तुरे मिरविणारा सांबर पाहिला म्हणजे लग्नाच्या मांडवात वावरणाऱ्या वरबापाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे तिरपा, मऊ प्रकाश पुष्कळ वेळ टिकतो. अडचण पहिल्या तासाची. उघड्या गाडीत बोटे गारठतात आणि प्रकाश इतका मंद असतो की हलत्या प्राण्याचे चित्र पुसट आल्यावाचून राहत नाही. त्यातून नाताळची सुटी आली की गर्दीचा कहर होतो. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात प्रवाशांच्या गाड्यांनी एका वाघिणीची व तिच्या बछड्यांची वाट दोहों बाजूंनी अडविली, त्याची चित्रे साऱ्या महाराष्ट्राने पाहिली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपण होऊन त्याची दखल घेतली. आमच्या सुटीचे पंचांग रानाच्या पंचांगावर लादले म्हणजे काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण देता येणार नाही.

येथवर आम्ही प्राण्यांचे आणि प्रकाशाचे पंचांग पाहिले. परंतु अरण्याला तिसरेही एक पंचांग आहे, आणि ते माणसांचे आहे. ते आम्हांला एका तरुण वाटाड्याने शिकविले. मार्चअखेरची सकाळ होती. मोहाखाली रसरशीत, पिवळसर फुलांचा सडा पडला होता. ही फुले रात्री उमलतात व पहाटे गळतात. ती वेचून, वाळवून बफरमधील गावांतील कुटुंबे वर्षाची काही मिळकत करतात. त्यामागून मे महिन्यात तेंदूपाने तोडण्याचा हंगाम येतो. आम्हांला त्या सकाळी वाघ दिसला होता व आम्ही हर्षभरित होऊन बोलत होतो. तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमाले वाघ दिसला का तुमी खूश होता. माही माय मोह वेचाले जाते, तवा तो दिसू नये म्हनून आमी तारूबाबाले हात जोडतो. अन् तुमी नाई आले, त आमची चूल बी पेटत नाई."

या तीन वाक्यांवर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. मोह आणि अस्वल, तेंदू आणि वाघ, पाणवठा आणि आम्ही, हे सर्व एकाच हंगामात एकाच रानात गोळा होतो. अस्वलाला मोहाची फुले प्रिय. ज्या झाडाखाली पहाटे ते येते, त्याच झाडाखाली पहाटे बाया येतात. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची रीत आहे. त्या विस्तवातून वणवे लागतात, म्हणून वनखाते जाळरेषा काढून, पहारे ठेवून ज्येष्ठापर्यंत डोळ्यांत तेल घालून बसते. १० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया वाघिणीच्या हल्ल्यात मरण पावल्या. त्याच दिवशी ताडोबाच्या पाणवठ्यांवर किती लोकांनी उत्तम चित्रे घेतली असतील! त्यांचा त्यात काही दोष नाही. उलट, त्यांच्या येण्यावर अनेक वाटाड्यांच्या व चालकांच्या घरचे दोन घास अवलंबून आहेत. परंतु ज्या महिन्याला आम्ही 'उत्तम हंगाम' म्हणतो, त्याला शेजारच्या गावात काय म्हणत असतील, हे ठाऊक असल्यावाचून त्या महिन्यात जाऊ नये, इतके आम्हांला तेव्हापासून वाटते.

आता निकडीच्या कारणाकडे वळतो. आमचे वडील बंधू यंदा त्र्याहत्तराव्या वर्षात आहेत. त्यांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकविला. काचबिंदूमुळे त्यांच्या दृष्टीचा घेर हळूहळू आकसत चालला आहे. समोरचे दिसते, बाजूचे दिसत नाही, आणि अंधुक प्रकाशात तर समोरचेही चाचपडावे लागते. आहे ती दृष्टी औषधाने राखू, गेलेली परत येणार नाही, असे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले आहे. दिवाळीच्या सुमारास ते आम्हांला म्हणाले, "अरे, दरवर्षी चित्रे आणून दाखवितोस, एकदा मला प्रत्यक्ष ने. मात्र महिना नीट पाहून ठरव. मला दुसरी खेप करावयास मिळेल असे दिसत नाही."

आजवर आम्ही महिना ठरवीत होतो तो कॅमेऱ्याच्या सोयीने. कॅमेऱ्याला दृष्टी मंद झाली तर नवे भिंग बसविता येते. दादांचे तसे नाही. म्हणून आम्ही कागद घेऊन बसलो आणि बारा महिने एकेक करून तपासले. शरदात पान दाट. हिरव्यात हिरवे, सावलीत सावली, त्यांना काही उमगणार नाही. हेमंतात धुके, आणि प्राणी दिसण्याची खरी वेळ असते तेव्हा प्रकाश मंद. वैशाखात रान उघडे व प्रकाश लख्ख, परंतु त्या उन्हात त्यांना बसविणे म्हणजे वाघ दाखविण्याच्या नादात माणूस गमावणे. आमच्या सौभाग्यवती तर वैशाखाचे नाव काढताच उठून आत गेल्या.

उरला तो शिशिर. माघ सरताना आणि होळीच्या आधीचा काळ. त्या वेळी सागाने बरीच पाने टाकलेली असतात आणि रानात शंभर हातांपर्यंत दृष्टी जाते. पळस फुललेला असतो. त्याचा केशरी रंग मंद झालेल्या डोळ्यालाही चुकविता येत नाही. कुसुमाच्या झाडावर कोवळी, तांबडी पालवी दिसू लागते. सकाळी गारवा असला तरी तो बोचरा नसतो, आणि दुपार सोसण्याजोगी असते. मोहाचा मोठा हंगाम अजून लागलेला नसतो, शाळांच्या परीक्षा जवळ आल्यामुळे गर्दी कमी असते. वाघ दिसण्याचा संभव मात्र मे महिन्याइतका नाही, आणि ही गोष्ट आम्ही दादांपासून लपविली नाही.

ते ऐकून ते हसले. म्हणाले, "वाघ दिसला तर उत्तमच. पण तीस वर्षे मी मुलांकडून 'उष्ण कटिबंधातील पानझडी अरण्ये' असे घोकून घेतले, आणि पान झडताना एकदाही पाहिले नाही. आधी ते पाहू."

हे उत्तर आम्हांला अनपेक्षित होते. सागाचे पान सुपाएवढे असते. ते फांदीवरून सुटते, दोन-तीन ठिकाणी आपटते आणि वाळक्या पाचोळ्यावर असा आवाज करून पडते की नवखा मनुष्य दचकून मागे पाहतो. त्या पाचोळ्यावरून कोणीही, अगदी रानकोंबडीसुद्धा, चोरपावलांनी जाऊ शकत नाही. इतकी वर्षे हा आवाज आम्हांला केवळ अडथळा वाटे. ज्याची दृष्टी उणावली आहे, त्याच्यासाठी मात्र शिशिरातले हे रान जणू बोलके होऊन बसलेले असते; चितळाची धोक्याची हाक, वानराचे खाकरणे, सांबराची ठणठणीत साद, यांपैकी कशालाच डोळ्यांची गरज नाही. वाघाचे येणे जाणते वाटाडेसुद्धा पुष्कळदा डोळ्यांआधी कानांनीच ओळखतात.

तेव्हा आमचा बेत ठरला आहे, आणि ज्या वाचकांना असा बेत करावयाचा असेल त्यांच्या उपयोगासाठी तो येथे देतो. मंगळवारी ताडोबा बंद असते, म्हणून बुधवारी सकाळी पहिली फेरी धरून शुक्रवारी सकाळी अखेरची. म्हणजे शनिवार-रविवारची गर्दी टळते. दोन फेऱ्या तलावाच्या बाजूस, दोन रानाच्या आतल्या वाटांना, आणि पाचवी वाटाड्याच्या मर्जीवर. आरक्षण निघण्याआधी ते कित्येक आठवडे करावे लागते, म्हणून आधी ऋतू, मग तारीख आणि शेवटी रजा, असा क्रम ठेवावा. उलटा क्रम ठेवल्यास रान आपले ऐकणार नाही. अंगावर काढता-घालता येतील असे दोन पदर, डोळ्यांवर धूळ येऊ नये म्हणून चष्मा, आणि दादांचे डोळ्यांत घालावयाचे औषध उन्हात तापू नये म्हणून एक छोटी थंड पेटी. ज्याला वाघच हवा त्याने उन्हाळ्यात खुशाल जावे, परंतु मोह वेचणाऱ्या बाईकडे पाहून गाडीचा वेग कमी करावा. ज्याला रान हवे त्याने कार्तिकात किंवा शिशिरात जावे. ज्याला दोन्ही हवीत त्याने पुन्हा-पुन्हा जावे. आणि ज्याला एकदाच जाता येणार आहे, त्याने आपल्याला काय पाहावयाचे आहे हे आधी स्वतःला विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही प्रवासपुस्तिकेत छापलेले नसते.

राहता राहिला आमचा कॅमेरा. पाच फेऱ्यांपैकी तीन फेऱ्यांत तो पिशवीतच राहील असे आम्ही ठरविले आहे. गाडी चालत असता डावीकडे काय आहे आणि उजवीकडे काय आहे हे दादांना सांगावयास कोणीतरी हवे, आणि एक डोळा भिंगाला लावून ते काम होत नाही. चित्रे थोडी कमी येतील. पळसाचे एक मात्र अवश्य घेऊ. तो नेमका कोणत्या तिथीला फुलेल, हे आमच्या पंचांगात लिहिलेले नाही.